मे महिन्यातच वावरात जा

नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या वावरात शेती शिकायला जातोयस, फार बरं वाटलं. जमलं तर जूनची वाट न पाहता मे महिन्यातच जा. पारा 45 ला टेकलेला असताना पहाटे पाचला सुरू होणारं काम झेपतं का, ते तेव्हाच कळतं.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, बनवणं तुझ्याच वाट्याला येईल. 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेव, तोंडाला गोणपाट बांध, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळ.

पण खरं शिकायचं ते वाफसा ओळखणं, म्हणजे माती फार ओलीही नाही, फार कोरडीही नाही, कामाला योग्य झाली ते कळणं. आपली काळी माती ओली असताना तुडवली की दबून घट्ट होते. मी पहिल्या पावसाळ्यात घाई केली, तुरीच्या दोन ओळी पिवळ्या पडल्या, अजून वाईट वाटतं. मातीचा लाडू वळून कमरेइतक्या उंचीवरून सोड. फुटला तर डवरा (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालव, चपटा झाला तर थांब.

राहणं-जेवण, सुट्टी आधीच बोलून घे. आणि तण निंदायला बाया आल्या की त्यांच्या शेजारची ओळ धर. दोन पानांचं तण त्या बोटांनीच ओळखतात.