सुलभाच्या हातात कट्टा देऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं बाड वाचून संपवलं. जिल्हा न्यायालयाच्या बातम्या देण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे रहस्यकादंबरी हातात पडली की मी आधी कलमं शोधतो आणि मग माणसं. तुझ्या बाबतीत उलटं झालं. पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला, म्हणजे सुलभाच्या नवऱ्याला, पोलीस घेऊन जातात आणि ती परातीतल्या कणकेकडे बघत हिशेब करते की आता यातल्या तीन पोळ्या कमी करायच्या. तिथपर्यंत मला एकही कलम आठवलं नाही. चौथ्या प्रकरणात ती एसटी स्टँडमागच्या एका पोराकडून गावठी कट्टा विकत घेते, आणि मी पेन्सिल हातात घेतली.

कट्टा काढून टाक. हत्यार कादंबरीत नकोच असं माझं म्हणणं नाही. पण कट्टा घेतल्याबरोबर सुलभा सुलभा राहत नाही, पडद्यावरची कुणीतरी होते. सामान्य माणूस जिवावर उदार झाला म्हणून त्याला नवं कसब येत नाही. तो रोज ज्या खिडकीशी उभा राहतो, त्याच खिडकीतून आत हात घालतो.

तुला नानावटी खटला ऐकून माहीत असेल. नानावटी नौदलातला कमांडर, म्हणजे काही सामान्य माणूस नव्हे, हे कबूल. तरी त्यातला एक तपशील बघ. २७ एप्रिल १९५९ ची दुपार. बायकोने दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. हा गृहस्थ बायकोमुलांना मेट्रो सिनेमावर सोडतो आणि आपल्या जहाजावर जातो. तिथल्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं मागून घेतो. कारण काय सांगतो? रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय. मुंबईत कुठून चोरटं पिस्तूल आणायला तो गेला नाही. रीतसर मागणी केली आणि हत्यार तपकिरी पाकिटात घातलं. मग त्या दुसऱ्या पुरुषाच्या, प्रेम आहुजाच्या, ऑफिसात गेला, तो तिथे नाही म्हणून त्याच्या घरी गेला.

खोलीचं दार बंद झाल्यावर जे घडलं ते अगदी थोड्या वेळात संपलं. बचावाचं म्हणणं होतं की झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. आहुजा नुकताच न्हाणीघरातून बाहेर आला होता, अंगावर फक्त टॉवेल. तो टॉवेल प्रेतावर जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर तो सुटला नसता का, हा प्रश्न फिर्यादी पक्षाने लावून धरला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जन्मठेप झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिथे अचानक प्रक्षोभाचा मुद्दाही टिकला नाही. तो घरातून निघाला दीडला आणि गोळ्या झाडल्या गेल्या चार वीसला. डोकं ताळ्यावर यायला एवढा अवधी पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं.

कायद्याच्या दृष्टीने ते जवळपास तीन तास त्याच्या विरोधात गेले. लेखकाच्या दृष्टीने तेवढाच ऐवज कामाचा. तिकीटबारीशी मुलांना उतरवताना तो काय बोलला असेल? भांडारातल्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवलं तेव्हा सही नेहमीसारखी आली असेल का? तुझ्या बाडात खरा प्रसंग सव्वीस पानं चालतो आणि त्याआधीचे तास दीड पानात उरकलेत. प्रमाण उलटं कर.

आता सुलभाची खिडकी कुठली? तू स्वतःच लिहिलंयस आणि विसरलीयस. पहिल्या प्रकरणात एका ओळीत येतं की ती त्याच पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवी, गोळा करते. अगं, या एका ओळीत तुझी कादंबरी आहे! रोज दुपारी चारनंतर मशिन घेऊन बाजारपेठेतून फिरणारी बाई. चहाच्या गाड्यावर पन्नास, कापडदुकानात पाचशे, मंडईत वीस-वीस रुपये. कुणाचा धंदा बसला, कुणाच्या पोरीचं ठरलं, कोण हप्ता चुकवायला लागलं, हे तिला चेअरमनच्या आधी कळतं. संस्था बुडाली की ठेवीदार संचालकांच्या बंगल्यावर जायच्या आधी हिच्या दारात येणार, कारण त्यांनी पैसे हिच्या हातात दिले होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हे मंडईतल्या म्हातारीला सुलभाने कधी सांगितलेलं नाही. तिला स्वतःलाच माहीत होतं की नाही, ते तू ठरव.

त्या म्हातारीवरून एक प्रसंग सुचतो, घ्यायचा तर घे. लेखापरीक्षकाने फिर्याद दिलीय, संस्थेवर प्रशासक आलाय, थकीत कर्जांच्या वसुलीच्या नोटिसा निघाल्यात. मेथीच्या जुड्या विकणारी म्हातारी कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढते आणि सुलभाला म्हणते, बाई, एवढं वाचून दाखव. सुलभा वाचते. पंधरा लाखांच्या कर्जाला ही बाई जामीनदार. पुढे कर्जरोख्याची नक्कल हाती येते आणि जामीनदाराच्या जागी निळ्या शाईत वळणदार सही. म्हातारी अंगठा उठवते. गेली कित्येक वर्षं सुलभाने स्वतः तिच्या अंगठ्याला शाई लावलीय. गावात हा रोखा खोटा आहे हे एका नजरेत ओळखणारी ती एकटीच. कट्ट्यापेक्षा हे हत्यार जड आहे.

आणि त्याच कागदावर, तळाशी, व्यवस्थापकाची शिफारस आणि त्याची सही हवी.

इथे तू मला पटवून दे की नवरा निर्मळ का ठेवलास. मला तरी ते लेखिकेचं घाबरणं वाटलं. निष्पाप नवऱ्यासाठी बायको काहीही करते यात वाचकाला विचार करायला काही उरत नाही. नवऱ्याने चेअरमनच्या दबावाखाली सह्या केल्या, दोन-चार वेळा पाकीटही घेतलं, त्यातूनच घराचा वरचा मजला चढला, आणि ती त्या मजल्यावर वाळवण घालते, हे आलं की तिच्या प्रत्येक पावलाला किंमत येते. ती ज्याला सोडवतेय त्यानेच तिच्या गिऱ्हाइकांना बुडवलंय. तरी ती त्याला सोडवतेय. का? याचं उत्तर तिला तिसऱ्या प्रकरणात माहीत असण्याची गरज नाही.

आता कायद्याचं थोडं. तुझ्याकडे नवरा तीन आठवड्यांत ‘पुराव्याअभावी’ सुटतो. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा आपला १९९९ चा कायदा लागला, म्हणजे कोर्टात ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात तो, आणि सोबत विश्वासघाताचं मोठं कलम असलं, तर तीन आठवड्यांत जामीनसुद्धा अवघड. पण त्यातच तुला हवं ते घड्याळ आहे. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हक्क मिळतो, जामीन आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क गेला. आर्थिक गुन्हे शाखेचे अंमलदार कागदांचे गठ्ठे बांधतायत आणि वकिलाचा कारकून अर्ज घेऊन कोर्टाच्या दारात उभा आहे, ही शर्यत मी डोळ्यांनी पाहिलीय. पाठलागाच्या गाड्या त्यापुढे फिक्या. सुलभाचं सगळ्यात वेडं पाऊल ८० दिवसांनंतर, शर्यत जिंकायची शक्यता दिसत असताना पडलं तर? तिला तारखा कळत नसतात असं नव्हे. तिला आणखी एक रात्र काढवत नाही.

नवऱ्याला अटकेआधी दोन रात्री ती माहेरच्या शेतावरच्या खोपटात लपवते, तो भाग छान आहे. पण त्याबद्दल तू तिलाच आरोपी केलंयस. ते बसत नाही. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, पण आसरा देणारा नवरा किंवा बायको असेल तर ते कलम लागू होत नाही. जुन्या दंडसंहितेत २१२ होतं, आताच्या न्याय संहितेत २४९. दोन्हीकडे हा अपवाद आहे. भावाला मात्र तो नाही! खोपटाची किल्ली देणारा, रात्री डबा पोचवणारा तिचा धाकटा भाऊ अडकतो आणि ती मोकळी राहते. भावजयीच्या तोंडून तुला एक अख्खं प्रकरण मिळेल. राखीपौर्णिमा त्यात आणू नकोस, तेवढी कृपा कर.

दुसरं असंच. खोपटातल्या रात्री नवरा तिला सगळं सांगतो आणि शेवटी ती कोर्टात उभी राहून त्याची कबुली सांगते. तुझ्या कादंबरीचा कळसच तो. पण लग्नाच्या काळात एका जोडीदाराने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट, सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय अशा खटल्यात उघड करता येत नाही. आधी पुरावा कायद्यात १२२ कलम होतं, आता साक्ष अधिनियमात १२८. म्हणजे सुलभाने मनापासून ठरवलं तरी कोर्ट तिला बोलू देणार नाही. मात्र हे संरक्षण बोलण्यापुरतं आहे. १९५४ चा राम भरोसे खटला वाच. उत्तर प्रदेशातलं खेडं. बायकोने साक्ष दिली की अंधार असताना नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत जाऊन बाहेर आला, त्याने अंघोळ केली आणि धोतर पुन्हा नेसला. हे तिने पाहिलं होतं, ते ग्राह्य धरलं गेलं. तो तिला जे म्हणाला ते मात्र वगळलं.

तेव्हा खोपटातली रात्र पुन्हा लिही. त्याने काय सांगितलं आणि तिने काय पाहिलं, हे दोन हिशेब वेगळे ठेव. तो रडत रडत सगळं सांगू दे, ते कोर्टाच्या उपयोगाचं नाही. पण पहाटे ती बाहेर येते तेव्हा तो विहिरीवरच्या पंपाच्या खोलीमागे कर्जाचं रजिस्टर जाळताना तिला दिसू दे. पुठ्ठा लवकर पेटत नाही, तो काठीने पानं सुटी करतोय. कोर्टात तिला विचारलं जाईल ते एवढंच. आणि ‘मी झोपले होते’ म्हणायची सोय तिच्याकडे आहे.

बाकी किरकोळ. हवालदार ‘यू आर अंडर अरेस्ट’ म्हणत नाही, ‘चला, साहेबांनी बोलावलंय’ म्हणतो. चेअरमनची बायको प्रत्येक वेळी सोन्याने मढलेली कशाला? पावसाचे उल्लेख निम्मे कर. सुलभा आणि तिची सासू यांच्यातलं न बोलणं उत्तम उतरलंय, त्याला हात लावू नकोस.

चेअरमनच्या नातवाला शाळेच्या फाटकातून घेऊन जाण्याचा प्रसंग ठेवावा की नाही, असं तू चिठ्ठीत विचारलंयस. ठेव. पण तो मुलगा तिला ओळखत असू दे, रोज चारला आजोबांच्या पेढीवर येणारी पिग्मीवाली काकू म्हणून. मग त्याला ओढायला नको, तोंड दाबायला नको. तो आपणहून हात धरेल आणि मशिनमधून पावती काढून मागेल. तिथून पुढे ती त्याला किती वेळ फिरवते, काय खायला घालते आणि कुठल्या क्षणी परत वळते, ते मिनिटामिनिटाने लिही.

अटकेपासूनच्या दिवसांचा एक तक्ता कर आणि भिंतीला लाव. खोपटाचं प्रकरण आधी पाठव, बाकीचं सावकाश. प्रकाशकाला दिवाळीचं वचन दिलं असशील तर आजच फोन करून ते मागे घे.

कळावे, लोभ आहेच.