एक भाकरी, एक वचन

तरुण वाचकांची पत्रं, मावशीची उत्तरं

मावशी, सलाम.
मी नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पण मे महिन्यात तरुणांच्या शिबिरात, शेवटच्या रात्री, मी पहिल्यांदा स्वतःहून म्हणालो की प्रभू, मी तुझा. त्यानंतरचा महिना फार सुंदर गेला. पहाटे आपोआप जाग यायची. मोबाइलवर वर्षभरात पूर्ण बायबल वाचायची योजना सुरू केली. उत्पत्ती झालं, निर्गम झालं, आणि लेवीयच्या तेराव्या अध्यायात, त्या त्वचारोगाच्या नियमांत गाडी रुतली. आज मी 41 दिवस मागे आहे. रोज रात्री नऊला फोन आठवण करून देतो आणि मी तो पालथा घालून ठेवतो. प्रार्थनेला बसलो की झोप येते, नाहीतर असाइनमेंट आठवते. शनिवारी मित्रांबरोबर एका प्रार्थनागटात जातो. तिथं सगळे हात वर करून रडतात, मला काहीच होत नाही. मागच्या शनिवारी मी उगाच हात वर केले आणि परत येताना बसमध्ये मला फार लाज वाटली. खोलीत आम्ही तिघं आहोत. त्यातला एक रोज आंघोळ झाली की अथर्वशीर्ष म्हणतो, चांगलं मोठ्यानं. माझं बायबल मात्र लॅपटॉपच्या पिशवीत असतं. माझा विश्वास खोटा होता का? आणि भक्तीत वाढायचं म्हणजे नेमकं करायचं काय?
— स., पुणे

बाळा, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या बसमधल्या लाजेपाशी थांबले. विश्वास खोटा असता तर खोटे हात वर केल्याचं तुला काही वाटलंच नसतं. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे. मुलाच्या दुखण्यानं पार खचलेला. तो प्रभूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही गोष्टी एकाच दमात. प्रभूनं त्याला परत पाठवलं नाही, आधी विश्वास पक्का करून ये असं सांगितलं नाही. त्याचं पोर बरं केलं. तू आज त्या बापाच्या शेजारी उभा आहेस आणि ती जागा वाईट नाही.

तुमच्याकडं कांदा होतो, तेव्हा लावणी तू पाहिली असशील. वाफ्यातलं रोप कसं हिरवंगार, ताठ असतं. ते उपटून सरीत लावलं की दुसऱ्याच दिवशी मान टाकतं. नवख्या माणसाला वाटतं, गेलं. तुझे वडील मात्र त्याला उपटून मुळी बघत बसत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं पाणी देतात आणि घरी येतात. आठ-दहा दिवसांनी रोप लागतं. शिबिर हा तुझा वाफा होता. तिथं दाटीवाटीनं सगळे एकत्र, गाणी, पाळकसाहेबांचं बोलणं, सकाळ-संध्याकाळ उपासना. आता तू सरीत आलायस, एकटा. मान टाकलीस तर त्यात नवल काय? मार्कच्या चौथ्या अध्यायात प्रभूनं एक दाखला दिलाय, तो बाकीच्या तीन शुभवर्तमानांत नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याचं त्यालाही कळत नाही. ‘त्याचं त्यालाही कळत नाही’ हे शब्द तू जपून ठेव.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे ती योजना बंद कर. आजच. रात्री नऊला जे वाजतं ते देवाचं बोलावणं नव्हे, आणि 41 दिवसांचं कुठलंही कर्ज तुझ्या नावावर नाही. लेवीय वाचायचं नाही असं मी म्हणत नाही, पुढं कधीतरी कोणा जाणत्याच्या सोबतीनं वाच. मी स्वतः विसाव्या वर्षी हेच केलं होतं. डी.एड.ला होते. वहीत चौकोन आखले होते, अध्याय झाला की बरोबरची खूण. फेब्रुवारीत खुणा थांबल्या आणि त्या रिकाम्या चौकोनांकडं बघवेना म्हणून मी वहीच ट्रंकेत टाकली. वहीबरोबर बायबलही. आठ महिने उघडलं नाही. त्या आठ महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुला इतकं सांगतेय.

तिथून मला बाहेर काढलं माझ्या आजीनं, आणि तेही काही न बोलता. आजी शाळेत गेलेली नव्हती. बाप्तिस्मा झाल्यावर बायबलबाईंनी, म्हणजे घरोघर बायबल शिकवणाऱ्या बाईंनी, तिला अक्षरओळख करून दिली, ती चाळिशीत. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर ही चुलीपुढं बसलेली. पिठाच्या डब्यावर मार्क उघडलेला. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा आणि ती उलटेपर्यंत एक ओळ वाचायची, बोट ठेवून, ओठ हलवत. भाकरी उलटली की तीच ओळ पुन्हा, आता न बघता. मग भाकरी पदर सुटून फुगली की पुढचं वचन. एका स्वयंपाकाला दहा-बारा भाकऱ्या, दहा-बारा वचनं. तिचं ते पुस्तक आज माझ्याकडं आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या घडीत ज्वारीचं पीठ बसलंय, झटकलं तरी निघत नाही. वर्षभर तिचं फक्त मार्कच चालायचं, सोळा अध्याय. पण विहिरीवर, रानात, कोणाच्या मयताला गेली तरी तिच्या तोंडून योग्य वेळी योग्य वचन यायचं. आम्ही शिकलेल्या नातींना ते कधी जमलं नाही.

तर तू मार्क घे. रोज आठ-दहा वचनं, जास्त नाही. मराठीत वाच. कॉलेजमुळं इंग्रजीची सवय झाली असेल, पण ज्या भाषेत तुला आईनं रागावलंय त्याच भाषेत वचन आत जातं. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या विदुषी. त्यांनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते साध्यासुध्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बायकांना कळावं म्हणून. कित्येक वर्षं त्या कामाला दिली आणि ते हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडं गेल्या. आणि वाचताना आवाज काढ, अगदी हळू चालेल. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की मन उडतं. तोंडानं म्हटलं की कान ऐकतो आणि मनाला परत यावं लागतं. जे वचन अडकेल तिथं थांब, पुढं जायची घाई नको. आपले ख्रिस्ती कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांचं ठाऊक असेल तुला. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. वाचत वाचत ते मत्तयमध्ये डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. मधला काळ वाचण्यात, झगडण्यात गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर त्यानंतर आणखी पाचेक वर्षं लागली. या दोघांची भक्ती आज आपण गातो, आठवतो, आणि तू चार महिन्यांत स्वतःचा निकाल लावायला निघालायस.

प्रार्थनेचं. झोप येते म्हणतोस, तर आधी सांग, रात्री झोपतोस किती वाजता? एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचं बोलणं नंतर झालं, होरेब डोंगरावर. दोन वाजेपर्यंत जागून पाचला प्रार्थनेला बसू नकोस. बस, मेस, संध्याकाळचा कट्टा यांतली जी दहा मिनिटं तुला जागेपणी मिळतात ती दे. आणि भूक मेलीय, कशातच मन नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर पाळकांइतकीच डॉक्टरांचीही गाठ घे, त्यात विश्वास कमी पडत नाही.

शब्द सुचत नसतील तर उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. तेरावं स्तोत्र उघड, सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद चार वेळा विचारतो, किती वेळ? देवाला असं विचारायची परवानगी बायबलच देतं. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मला एक शब्दही सुचेना. शब्बाथशाळेत मुलांना इतकी वर्षं प्रार्थना शिकवणारी मी. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढंच येत होतं आणि ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ पाशी आलं की घसा धरायचा. तिथून पुन्हा पहिल्यापासून. पहाटेपर्यंत तेच. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. पण ती गेली असती तरी त्या रात्री मी प्रार्थना केली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शनिवारचा गट सोडू नकोस, पण हात तुझे आहेत. वाटलं तर वर कर, नाहीतर मांडीवर ठेव. जे रडतात त्यांचं रडणं खरं की खोटं हे आपण बघायचं नाही. तुझं शांत बसणंही देवाला चालतं. मात्र नुसत्या शनिवारावर राहू नकोस, कारण तिथं सगळे तुझ्याच वयाचे आहेत आणि सगळ्यांना आत्ताच सगळं हवंय. रविवारी मराठी उपासनेला जात जा. गुरुवार पेठेत पंचहौदाला पवित्र नाम देवालय आहे, घंटांचा उंच मनोरा दिसला की तेच. नाहीतर तुमचं घर ज्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, तिची पुण्यात शाखा असेल तिथं. म्हाताऱ्यांच्या शेजारी बस. गायनाचं पुस्तक न उघडता डोळे मिटून गाणारी एखादी आजी भेटेल, तिला विचार, हे गाणं तुम्ही कोणाकडून शिकलात. आणि पाळकसाहेबांना भेटून एखादं काम मागून घे. खुर्च्या लावायच्या, पुस्तकं वाटायची, प्रभुभोजनानंतरचे प्याले धुवायचे. ज्या रविवारी मनात काहीच नसेल त्या रविवारीही तुझी कोणीतरी वाट पाहत असेल. मला कोरड्या दिवसांत या कामांनीच मंडळीत धरून ठेवलं. प्रवचनांपेक्षा जास्त, खरं सांगते.

आता तो अथर्वशीर्ष म्हणणारा मित्र. मला तो आवडला. त्याला तुझी अडचण सगळ्यांत लवकर कळेल, बाकीच्यांपेक्षा लवकर, कारण रोज बसणं म्हणजे काय ते तो जाणतो. त्याला साध्या शब्दांत सांग, “माझीही दहा मिनिटं असतात, तुझं झालं की मी बसतो.” बघ, तो तिसऱ्यालाही गप्प करील. बायबल पिशवीतून काढ आणि टेबलावर ठेव, चारचौघांना दाखवायला नव्हे, हाताशी असावं म्हणून. दानीएल खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आणि दानीएलाच्या पुस्तकात लिहिलंय की तो हे पूर्वीपासूनच करत होता. राजाचा हुकूम निघाला म्हणून मुद्दाम काही केलं नाही.

मार्क संपला की मला लिही. किती दिवस लागले ते लिहू नकोस. कुठं अडकलास ते लिही.

मावशी, मी वसईची, अकरावीत आहे. आमच्या घरी रोज रात्री जेवणाआधी सगळे मिळून जपमाळ म्हणतात. माझं तोंड चालतं आणि मन भलतीकडंच असतं. असं म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं नाही का?
— ज., वसई

बेटा, मी प्रोटेस्टंट घरातली, जपमाळ माझ्या हातात कधी आली नाही. तेव्हा त्यातलं खोलातलं तुमच्या फादरांनाच विचार. पण घरच्यांबरोबरचं बसणं मोडू नकोस. आई-बाबा, आजी, भावंडं रोज एका ठिकाणी गुडघे टेकतात, असं घर पुण्या-मुंबईत शोधूनही सापडत नाही आता. मन भलतीकडं जातं म्हणतेस, तर कुठं जातं ते आठवडाभर बघ. मैत्रिणीशी अबोला असेल, फिजिक्सचा पेपर असेल, आजोबांचा खोकला असेल. मग ते दहा-दहा मणी आहेत ना, त्यातला पहिला दशक त्या मैत्रिणीच्या नावे म्हण, दुसरा आजोबांच्या. मन जिथं पळतं तिथंच प्रार्थना घेऊन जा. आणि एखाद्या रात्री माळ सुरू व्हायच्या आधी तूच सगळ्यांना मोठ्यानं सांग, आजचा पहिला दशक आजोबांच्या खोकल्यासाठी. आजोबा काय म्हणतात ते मला कळव.