जाळीवरच्या किमतींवरून फंक्शन ठरतं, तरी सॅम्पलिंग (त्या किमतींवरून फंक्शन स्थिरपणे परत मिळवणं) का होत नाही?

प्रश्न फोक स्पेसचा आहे, म्हणजे संमिश्र प्रतलावर सगळीकडे विश्लेषक असलेल्या अशा फंक्शन्सचा, ज्यांच्या वर्गाचं वजनासकट इंटिग्रल सांत असतं (वजन ई घात वजा पाय गुणिले शून्यबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग). पूर्णांकी जाळीवर, म्हणजे संमिश्र प्रतलात दर एकक चौरसाला एक बिंदू धरून, फंक्शन शून्य असेल तर ते सगळीकडेच शून्य. मग अडतं कुठे?

अडतं ते स्थिरतेपाशी. किमतींवरून फंक्शन एकमेव ठरतं, पण किमती नगण्य आणि फंक्शन चांगलं मोठं, असंही होऊ शकतं. सॅम्पलिंगला जाळीवरच्या किमतींच्या वर्गांची बेरीज आणि फंक्शनच्या वर्गाचं इंटिग्रल (दोन्ही वजनासकट) एकमेकांच्या ठरावीक पटीत राहावी लागतात.

वायरस्ट्रासचं सिग्मा फंक्शन घ्या. ते नेमकं या जाळीवर शून्य होतं, आणि वजनासकट ते ना वाढतं ना विरतं, म्हणून स्पेसबाहेर. त्याचं एक शून्य भागून काढलं (म्हणजे z − a ने भागलं, a हा जाळीतला बिंदू) तर ते १/अंतर या वेगाने घटतं, तरी वर्गाचं इंटिग्रल लॉगच्या वेगाने अनंताकडे फुगतंच. म्हणजे जाळीतला एक बिंदू काढला तरी फंक्शन एकमेव ठरतंच! दोन काढले की मात्र उरलेल्या बिंदूंवर शून्य होणारं हे फंक्शन स्पेसमध्ये येतं आणि एकमेवपणा संपला. (मला हे पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं.)

चौरसाची बाजू ०.९९ करा, सॅम्पलिंग लगेच जमतं. घनता (दर एकक क्षेत्रफळाला बिंदू) १ पेक्षा काटेकोरपणे जास्तच हवी, हे सेईप आणि वॉलस्टेन या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं.