बायबलमधल्या स्तोत्र ५१ वरचे ऑगस्टीनचे (प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित) भाष्य शोधले तर भलतेच स्तोत्र निघते. असे का?

ऑगस्टीनकडे ते ५० व्या क्रमांकावर पाहा. त्याच्या लॅटिन पाठाची गणती हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक सप्तति (सेप्टुअजिंट) भाषांतराप्रमाणे आहे आणि तिथे हिब्रूतली ९ व १० ही स्तोत्रे एकच धरली आहेत. मला हेच पटते, कारण दोन्ही मिळून ओव्यांच्या आद्याक्षरांत हिब्रू वर्णमालेचा एकच क्रम चालतो, मधली काही अक्षरे गळलेली असली तरी.

म्हणून हिब्रू ११ ते ११३ आणि ११७ ते १४६ यांतून एक वजा करा. ११४ ते ११६ मात्र स्वतंत्र तपासा: ११४ व ११५ तिथे जोडलेली, ११६ दोन स्तोत्रांत तोडलेले. १४७ ही दोनांत तोडल्यामुळे १४८ पासून क्रमांक पुन्हा जुळतात.

ओव्याही सरकतात. हिब्रूत शीर्षकही ओव्यांत मोजतात (इथे दोन ओव्या), त्यामुळे मराठी ५१:१ म्हणजे हिब्रू ५१:३. नव्या कॅथॉलिक भाषांतरांत बहुधा हिब्रू क्रमांकच असतात.