फोन वाचून दाखवतो, मग लिपी कशाला?

"मावशी, आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मराठी त्याला सगळं समजतं, बोलतोही बऱ्यापैकी. वाचता मात्र अजिबात येत नाही. ह्यांचं म्हणणं असं की आता फोनशी बोललं की तो देवनागरीत लिहून देतो, आलेला मेसेज वाचून दाखवतो, भाषांतरही क्षणात करतो. मग शाळेचा अभ्यास, पोहणं, पियानो यातून वेळ काढून पोराच्या मागे लिपीचा लकडा कशाला लावायचा? मलाही कधीकधी ते पटतं. आणि पटलं की वाईट वाटतं."

पत्रात आणखी तीन प्रश्न आहेत. टॅबलेट घ्यावा का, कोडिंगच्या क्लासला घालावं का, आणि शाळेतल्या बाई म्हणतात घरीही इथलीच भाषा बोला, तर त्यांचं ऐकावं का. त्यांच्याकडे शेवटी वळते. आधी लिपी, कारण त्या शेवटच्या वाक्यासाठीच तू हे पत्र लिहिलंस असं मला वाटतं. ते वाईट वाटणं दाबू नकोस गं. ते अगदी योग्य जागी आहे.

आपल्या सगळ्यांच्या घरात ही वेळ येते. मूल तीन-चार वर्षांचं असेपर्यंत घर मराठीने भरलेलं असतं. मग शाळा सुरू होते, आणि एक दिवस लक्षात येतं की भावंडं आपसात दुसऱ्याच भाषेत भांडताहेत. तेव्हा आपण मनाची समजूत घालतो की बोलतोय ना, समजतंय ना, पुष्कळ झालं. तसं ते पुष्कळ आहेच, त्यासाठी तुमचं दोघांचं कौतुक. पण तेवढ्यावर थांबू नका.

घरात आपण मुलांशी काय बोलतो ते एकदा नीट ऐक. ऊठ, आवर, दप्तर भरलंस का, मोजे कुठे गेले, हळू बोल, झोप आता. या मराठीत माया आहे, पण तिचा शब्दसाठा आठव्या-नवव्या वर्षी संपतो. पुरावा, शंका, अन्याय, कारस्थान, पश्चात्ताप असले शब्द दप्तर भरताना येत नाहीत. ते मुलांना पुस्तकांतून मिळतात. तुझ्या मुलालाही ते मिळताहेत, फक्त शाळेच्या भाषेत. पंधराव्या वर्षी त्याच्या डोक्यात मोठ्या माणसाचे विचार असतील आणि ते मराठीत सांगायला हाताशी लहान पोराचे शब्द. त्या वयात कुणालाच लहान पोरासारखं बोलायला आवडत नाही. मग तो मराठी बोलणं टाळेल, आणि आपण म्हणू, "विसरला बघा."

आता जावईबापूंच्या फोनकडे येते. फोन पुष्कळ करतो हे मला मान्य आहे, मी स्वतः तो दिवसभर वापरते. पण फोनने काय लिहिलं ते वाचता न येणाऱ्याला तपासता येत नाही. माझ्या भाचीची मुलगी सोळा वर्षांची आहे, गुणी पोर, आजोबांचा जीव की प्राण. प्रवासाहून घरी पोचल्यावर तिने आजोबांना मेसेज केला. शाळेच्या भाषेत लिहिला, भाषांतर करून घेतलं आणि पाठवून दिला. आजोबांना मिळालं ते असं: "मी पोचलो. तू कसा आहेस?" ही मुलगी उभ्या जन्मात आजोबांना "तू" म्हणालेली नाही, आणि स्वतःबद्दल "पोचलो" तर म्हणणंच शक्य नाही. जिथून तिने सुरुवात केली त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच, क्रियापदही मुलगा-मुलगी बघून बदलत नाही, त्यामुळे यंत्राला अंदाज करावा लागला. तो चुकला. तिला ती ओळ वाचता आली असती तर क्षणात कळलं असतं, कारण तिचा कान पक्का मराठी आहे. आजोबा काही बोलले नाहीत. भाचीला मात्र त्यांनी हळूच विचारलं, "हे तिनेच लिहिलंय ना?"

तुम्ही म्हणाल, पाठवण्याआधी फोनकडून वाचून घ्यायचं. घेता येतं. पण प्रत्येक ओळ कानाला लावून कोण ऐकत बसतं? आणि आजीच्या हातची वही, जुन्या फोटोमागचा मजकूर, घाईत लिहिलेली चिठ्ठी हे सगळं एकदा फोनपुढे धरून बघा, मग बोलू.

माझ्या माहेरी एका ट्रंकेत माझ्या पणजोबांचे कागद आहेत. सगळे मोडीत. कित्येक शतकं मराठीचा व्यवहार त्या लिपीत चालला, पेशवे दफ्तरातले कागदांचे ढीग त्याच लिपीतले. विसाव्या शतकात ती शाळांतून गेली, आणि घरातल्या घरात दोन पिढ्यांत असं झालं की पणजोबांचं अक्षर आमच्यातल्या कुणालाच लागत नाही. भाषा तीच, माणूस आपलाच, कागद हातात, आणि वाचायला जाणकार शोधायचा. माझी आई तो कागद उलटसुलट करून बघायची ते मला अजून आठवतं. तुझ्या मुलाच्या मुलांना देवनागरी अशी दिसू नये, एवढ्यासाठी तरी मी हा हट्ट सोडणार नाही.

आता थोडं रागावते. तुझं पत्र आलं ते अख्खं रोमन लिपीत. मी ते देवनागरीत उतरवून इथे दिलंय. घरातला ग्रुपही तसाच असणार, काका-मामा-आत्या सगळे रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे. त्या अक्षरांत वाट आणि वात एकच होतात, ळ आणि ल एकच होतात, ण आणि न एकच होतात. आपण मराठीत वाढलो म्हणून अंदाजाने वाचतो. मुलाने कशाच्या आधारावर वाचायचं? घरातली मोठी माणसंच देवनागरी लिहीत नसतील तर ती फक्त शिकवणीची गोष्ट आहे असं त्याला वाटणार, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा पहिली सुरुवात तुम्ही दोघांनी करायची. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड घाला. मराठीच निवडा, हिंदी नको, नाहीतर सुचवलेले शब्द हिंदी येत राहतात. रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवण्याची सोय तुमच्यासाठी ठीक आहे. मुलाला मात्र थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड द्या, म्हणजे क शोधताना त्याला क दिसेल.

शिकवायचं कसं? तुला वाटतं त्याहून सोपं आहे. इंग्रजी स्पेलिंगमधून पार पडलेल्या मुलाला देवनागरी म्हणजे सुट्टी वाटते. चौतीस-पस्तीस व्यंजनं, डझनभर स्वरचिन्हं, आणि बहुतेक शब्द जसा लिहिला तसा वाचायचा. अ ते ज्ञ तक्ता पाठ करून घेऊ नकोस. तक्त्याने मुलं कंटाळतात. पहिल्या दिवसापासून शब्द वाचू दे: घर, नळ, बस, मगर, कमळ. मग काना, मग वेलांट्या, मग मात्रा. जोडाक्षरं सर्वांत शेवटी, आणि त्यातही र ला निवांत वेळ दे, कारण तो कर्म, क्रम, राष्ट्र आणि वाऱ्यावर या चार ठिकाणी चार रूपांत येतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पहिलं वर्षभर काढायच्याच नाहीत.

एका बाबतीत तुझा मुलगा आधीच पुढे आहे. चार आणि चारा यांतला च लिहायला सारखा, उच्चारायला वेगळा. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. परक्या विद्यार्थ्याला तिथे घाम फुटतो. ज्याने नऊ वर्षं घरात मराठी ऐकलीय तो आपोआप बरोबर वाचतो. निम्मं काम तुम्ही केलेलंच आहे, आणि उरलेलं निम्मं त्याहून हलकं आहे.

अक्षरांच्या वळणाकडेही लक्ष असू दे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली मराठी रूपं, महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तीच ठरवून दिली आहेत. पण पुष्कळ फोनवर आणि अॅपमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. दोन्ही एकदा शेजारी शेजारी काढून दाखव, प्रश्न मिटेल.

वाचायला काय द्यायचं? पहिलीचं पुस्तक नऊ वर्षांच्या मुलापुढे ठेवलंस तर त्याला अपमान वाटेल. ते तुझ्यासाठी ठेव, कोणत्या क्रमाने अक्षरं आली आहेत हे बघायला. बालभारती, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेलं आपलं पाठ्यपुस्तक मंडळ, त्यांची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंकही तिथे वाचायला मिळतात. वाचन जमायला लागलं की त्याच्या वयाला ते बरोबर बसेल. त्याआधी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघ. तिथे मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत, चित्रं सुंदर आहेत, आणि पैसे पडत नाहीत.

पण पुस्तकाआधी मुलाची आवड ओळख. माझ्या मुलीने वाचन पक्कं केलं ते आजोबांच्या पत्रांवर. माझे सासरे निळ्या एरोग्रामवर, म्हणजे घडी घालून हवाई टपालाने पाठवायच्या पत्रावर, बारीक अक्षरांत लिहायचे, आणि पत्राचा शेवटचा भाग फक्त नातीसाठी असायचा. तो तिने स्वतः वाचायचा, आम्ही वाचून दाखवायचं नाही, असा त्यांचा दंडक. मुलगा वेगळा. त्याला पत्रांत काडीचा रस नव्हता, त्याला फक्त क्रिकेट. मग मी मराठी वर्तमानपत्रांतली सामन्यांची वर्णनं त्याच्यापुढे ठेवली, आणि धावबाद, झेल, फिरकी असं करत करत तो वाचायला लागला. आज दोघंही चाळिशीकडे झुकलेत. मध्यंतरी सासऱ्यांच्या जमिनीच्या वारसाचं काम निघालं, तेव्हा सातबारा मुलीने महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर स्वतः काढला, स्वतः वाचला, आणि कुणाचं नाव राहून गेलंय ते भावाला फोनवर सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्या बारीक निळ्या अक्षरांचं हे फळ आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तुझ्याकडे एरोग्राम नाहीत, पण आजोबा आहेत. तू लिहिलंयस, "व्हिडिओ कॉल लावला की हाय म्हणतो आणि पळतो." पळणारच. काय केलंस, अभ्यास कसा चाललाय, एवढे प्रश्न संपले की तो काय बोलणार? त्याला काम दे. आजोबांना सांग, रोज त्याच्यासाठी देवनागरीत दोन ओळी पाठवा, कोडं किंवा तुझ्या लहानपणीचा खोडकरपणा. उत्तर त्याने कॉलवर द्यायचं, आणि तुम्ही दोघांनी मदत करायची नाही. तुझ्या लहानपणीच्या खोड्या असतील तर तो जीव तोडून वाचेल, हे मी नातवंडांवरून सांगते. रोजची दहा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून सुरू केलेलं सील ऑफ बायलिटरसी आता अनेक राज्यांत मिळतं. शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या दुसऱ्या भाषेची अधिकृत नोंद होते. त्यासाठी नुसतं बोलता येऊन चालत नाही, वाचता-लिहिताही यावं लागतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत याबद्दल विचारा. शाळा लांब असली तरी जा, कारण तिथे मुलाला आपल्यासारखी दुसरी मुलं भेटतात, आणि ते आईबापाला घरी देता येत नाही.

उरलेले प्रश्न. शाळेतल्या बाईंना नम्रपणे सांग की घरी आम्ही मराठीच बोलणार. दोन भाषांनी मुलं गोंधळतात आणि मागे पडतात ही समजूत संशोधनाने केव्हाच खोडून काढली आहे. मुलाला खरोखर बोलण्यात अडचण वाटत असेल तर तज्ज्ञाला दाखवा, पण त्यावर उपाय म्हणून मराठी बंद करू नका. टॅबलेट घ्यायचा तर घ्या. रात्री तो त्याच्या खोलीत नको, आणि घरी आणल्या दिवशीच त्यात मराठी कीबोर्ड घाला.

कोडिंगची त्याला स्वतःला हौस असेल तर क्लासला घाला. शेजारच्यांची मुलं जातात एवढंच कारण असेल तर थांबा, ते बाराव्या वर्षीही शिकता येतं. आणि तो क्लास शनिवारी सकाळी असेल, मराठी शाळाही शनिवारी सकाळीच असेल, तर या वर्षी मराठी शाळा.