आधी स्वतःची सही शोधा

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या नाशिकमधल्या सातपूरच्या वर्कशॉपचं सीसी खातं (धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) थकलंय, बँकेची साठ दिवसांची नोटीस घरी आलीय, पाथर्डी फाट्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि भाऊ म्हणतोय, ‘ताबडतोब आईच्या नावाने बक्षीसपत्र करून टाक.’ ते बक्षीसपत्र तेवढं करू नका. फ्लॅट गहाण असेल तर अशी नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तो कुणालाही देता येत नाही, सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) कलम १३(१३) मध्ये तसं स्पष्ट आहे. गहाण नसला तरी घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेली बक्षिसी कोर्ट रद्द ठरवू शकतं. मुद्रांकाचे पैसे जातील आणि म्हाताऱ्या आईला कोर्टाच्या चकरा माराव्या लागतील.

नवऱ्याचं धंद्याचं कर्ज केवळ बायको आहे म्हणून बायकोच्या डोक्यावर येत नाही. ते येतं सहीने. म्हणून आता एकच काम: तुमची सही कुठे कुठे आहे ते शोधायचं. सहकर्जदार म्हणून आहे, जामीनदार म्हणून आहे, की फ्लॅट गहाण ठेवताना मालकीण म्हणून आहे? की धंद्यातच भागीदार दाखवलंय तुम्हाला?

हे मी अंगावर काढलंय. आमच्या ह्यांचं अंबडला जॉबवर्क होतं. एका पतसंस्थेतून मशिनसाठी पैसे घेतले, तेव्हा ‘वहिनी, नुसती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणत चार ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या. मी एक ओळ वाचली नाही. पावणेतीन वर्षांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची थकबाकी वसुलीची नोटीस थेट माझ्या नावाने आली, तेव्हा कळलं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी ह्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं मला म्हणताच येत नव्हतं.

बँकेत तोंडी विचारत बसू नका. कर्जमंजुरीचं पत्र, हमीपत्र, गहाणाचे कागद आणि खातेउतारा यांच्या नकला द्या, असा लेखी अर्ज करा. दुय्यम निबंधक कार्यालयातून फ्लॅटचा सर्च, म्हणजे त्यावरच्या नोंदींचा शोधही काढून घ्या. आपल्याकडे खरेदीखत बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची सूचना तिथे नोंदवावी लागते, त्यामुळे फ्लॅटवर काय चढलंय ते कळतं. गहाणावर फक्त मिस्टरांची सही निघाली, तर तुमच्या हिश्श्यासाठी भांडायला भक्कम जागा आहे. मात्र बँका सहसा दोघांच्या सह्या घेतात, हेही मनाशी धरा.

साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजा. त्या मुदतीत लेखी हरकत दिलीत तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. व्याज चुकीचं लावलंय, भरलेली रक्कम जमा दाखवलेली नाही, असं जे असेल ते सगळं तिथे लिहा. साठ दिवसांनंतर ताब्याची कारवाई सुरू होते. दाराला नोटीस चिकटते, पेपरात छापून येते. ते बघून हातपाय गळतात, माहितीय मला, पण नोटीस चिकटली म्हणजे घर त्याच दिवशी गेलं असं नाही. त्यानंतर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. दिवाणी कोर्टात यावर मनाई मिळत नाही, म्हणून ‘स्टे आणून देतो’ म्हणणाऱ्या कुणाला आधी पैसे देऊ नका.

पतसंस्थेचंही देणं असेल तर वाट वेगळी. तिथे सहकार खात्यात १०१ चं प्रकरण चालतं. मी पहिल्या दोन तारखा भीतीपोटी चुकवल्या आणि वसुली दाखला, म्हणजे पैसे वसूल करण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आमच्याकडे ती नव्हती. म्हणणं मांडायची खरी जागा त्या पहिल्या तारखा होत्या, हे फार उशिरा समजलं.

वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईला मोफत वकील देताना तिचं उत्पन्न बघत नाहीत. १९८७ च्या कायद्यानेच तो हक्क दिलाय, त्यात लाज कसली?

आता मिस्टरांबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी मला फसवलं.’ असेलही. आमच्या ह्यांनी तीन देणी सांगितली होती. एका रात्री वही घेऊन समोर बसवलं तेव्हा सात निघाली, त्यातलं एक बिगरपरवान्याच्या सावकाराचं, कोऱ्या चेकवर. लपवलं ते लाजेपोटी, पण लपवल्यामुळेच ते वाढत गेलं. ती वही तुमच्याही घरी व्हायला हवी. सावकार निघाला तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार होते, बिगरपरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि काहीही झालं तरी यापुढे तुमच्या खात्याचा कोरा चेक सही करून कुणाला देऊ नका.

त्याच वहीत येणंही लिहा. आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीने वर्षभर बिलं अडकवली होती, धंदा मुळात तिथेच बसला. माल देण्याआधीची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर पंचेचाळीस दिवसांपुढे थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर दावा टाकता येतो, आणि व्याज बँकदराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने लागतं. दावा टाकल्यावर त्या कंपनीने मुद्दल सोडलं. त्यात दोन मशिनं विकून आलेली रक्कम घातली आणि त्या सातांतल्या बँकेच्या देण्याची एकरकमी तडजोड केली. तडजोड लेखी पत्राशिवाय करू नका, भरणा फक्त खात्यातून करा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद लेखी अर्ज करून परत घ्या; तीस दिवसांत कागद परत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे, धंद्याच्या कर्जावर त्याचा भरवसा धरू नका. इंदिरानगरचं घर राहिलं. अंबडचा गाळा गेला, त्याचं दुःख ह्यांना अजून आहे.

सोमवारी बँकेत जाल तेव्हा नकलांच्या अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. मिस्टरांनाही सोबत न्या.