मानवीय शिक्षणात नवे आहात? आधी एवढं करा

तुम्ही विचारलंत, सुरुवात कोणत्या प्रमाणपत्रानं करू? माझं स्पष्ट मत: प्रमाणपत्र नंतर. आधी एखाद्या अनुभवी शिक्षकाचा वर्ग मागच्या बाकावर बसून बघा. प्राण्यांबद्दलची करुणा, माणसांचे हक्क आणि पर्यावरण हे मानवीय शिक्षणाचे तिन्ही धागे एका तासात कसे विणले जातात, ते नुसतं वाचून कळत नाही. मग स्वतःचा एकच पाठ तयार करा, तीन-चार वर्गांत घ्या आणि दरवेळी कुणाला तरी निरीक्षणाला बसवा. माझी खरी वाढ त्या निरीक्षकांच्या टिपणांतूनच झाली.

ओळखी वाढवायच्या तर आधी द्यायला शिका. तुमचा पाठ, अगदी फसलेलासुद्धा, इतरांना पाठवा. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी १९९१ साली टांझानियात १२ विद्यार्थ्यांसोबत सुरू केलेला 'रूट्स अँड शूट्स' हा मुला-तरुणांचा उपक्रम आज अनेक देशांत आहे. १९९६ साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट फॉर ह्युमेन एज्युकेशन' शिक्षकांना मोफत साहित्य देते. दोन्हीकडे डोकावाच.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- क्रौर्याची भीषण दृश्यं लहान मुलांना दाखवणं. मुलं मिटून जातात, पालकांचा विश्वासही उडतो.
- उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारणं.
- फक्त प्राणिप्रेमींतच वावरणं. विज्ञान, भाषा, इतिहास शिकवणारेही सोबत हवेत. शाळेचं दार बहुतेकदा तेच उघडून देतात.

अभ्यासक्रमाची आखणी, मूल्यमापन वगैरे वर्षभरानंतर बघू. पहिला पाठ लिहून झाला की मला पाठवा, मी मनापासून वाचेन.